ककैयाच्या शाळेतला ठिपका



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते ड्रॉइंगचे शिक्षक होते. त्यांचं नाव माझ्या मागच्या फलकावर आहे आणि इथल्या निम्म्या डोक्यांवर त्यांच्या टपल्या पडलेल्या आहेत, तेव्हा परिचय करून द्यायची गरज नाही. शाळेत ड्रॉइंगच्या तासाची काय पत असते तेही आपल्याला ठाऊक आहे. सहामाही जवळ आली, गणिताचा भाग राहिला, की पहिली गदा त्या तासावर. सरांचं आयुष्य असे गेलेले तास परत मागण्यात गेलं. म्हणून आजच्या विषयासाठी मी एका चित्रकाराचे शिक्षक निवडले आहेत. गंमत अशी की ते ड्रॉइंगचे शिक्षक नव्हतेच.

आपल्या जबलपूरच्या ग्वारीघाटावर जे पाणी येतं, ते मंडल्याला तिन्ही बाजूंनी वळसा घालून, बरगीच्या धरणातून येतं. मंडला इथून शंभरेक किलोमीटर. त्या जिल्ह्यातल्या बाबरिया गावात 22 फेब्रुवारी 1922 रोजी सय्यद हैदर रझा यांचा जन्म झाला. वडील जंगलखात्यात डेप्युटी रेंजर. म्हणजे घर जंगलाच्या तोंडाशी, आणि बदलीची टांगती तलवार कायम. पोरगं ककैयाच्या प्राथमिक शाळेत जायचं. अभ्यासात यथातथाच, लक्ष सारखं बाहेर. बाहेर तरी काय, तर झाडं, पाखरं, बाजाराचा दिवस, गोंडांचे नाच. आणि रात्री? रझांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे की रात्रीच्या त्या जंगलाची त्यांना विलक्षण भीती वाटायची. सूर्य उगवला, बाजार भरला, माणसांचा आवाज आला, की मग जिवात जीव. काळा रंग हा त्यांच्या चित्रांत पुढे जे काही करतो, त्याचं मूळ तिथे असावं असं मला वाटतं. पण ते नंतर.

त्या शाळेत नंदलाल झारिया नावाचे गुरुजी होते. मुलाचं चित्त थाऱ्यावर नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. एके दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी त्याला थांबवून घेतलं, पडवीतल्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितलं, बस इथे आणि याच्याकडे बघ. दुसरं काही मनात आणू नकोस. गोष्ट एवढीच. रझा ती वेगवेगळ्या मुलाखतींत सांगत, आणि दर वेळी एखादा तपशील इकडचा तिकडे होई. ठिपका मात्र जागचा हलत नसे.

ज्यांना रझांची चित्रं माहीत आहेत, त्यांच्या डोळ्यांपुढे आत्ता तो मोठा काळा गोल आला असेल. 1980च्या आसपास त्यांच्या कॅनव्हासवर ‘बिंदू’ आला आणि पुढची छत्तीस वर्षं तिथून हलला नाही. त्यामुळे ही गोष्ट सांगायला फार सोयीची झाली आहे. गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढला, शिष्यानं तो जगभर नेला. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, शिक्षकदिनाच्या भाषणांत ती अशीच येते. झाडाखाली बसलं, फळ पडलं, ज्ञान झालं, अशा जातीची.

मला ती तशी मान्य नाही, आणि का नाही हे सांगण्यासाठीच आज उभा आहे.

पहिली गोष्ट अशी की झारिया गुरुजी त्या दिवशी चित्रकला शिकवत नव्हते. त्या ठिपक्यात तंत्र नव्हतं, उपनिषद नव्हतं, शून्याचा सिद्धान्तही नव्हता. वर्गात चुळबुळ करणाऱ्या एका पोराला बसवायचं कसं, हा त्यांच्यापुढचा सवाल होता. त्या काळी त्यावरचा सर्वमान्य इलाज म्हणजे छडी. कोंबडा करणं, अंगठे धरायला लावणं, बाकावर उभं करणं हे उपइलाज. गुरुजींनी यातलं काहीही केलं नाही. त्यांनी पोराच्या डोळ्यांना एक काम दिलं. मला त्यांचं मोठेपण इथे दिसतं, आणि त्यासाठी त्या मुलानं पुढे जगप्रसिद्ध व्हायची जरुरी नव्हती. तो मंडल्यात किराणा दुकान चालवत राहिला असता तरी ती युक्ती तेवढीच शहाणी ठरली असती. फक्त आपल्याला ती कळली नसती.

दुसरी गोष्ट अधिक अडचणीची आहे. ठिपका भिंतीवर आला ते साल 1930च्या आगेमागे धरू. कॅनव्हासवर बिंदू आला 1980च्या सुमारास. मधली पन्नास वर्षं गेली कुठे? या पन्नास वर्षांत रझांनी निसर्गचित्रं काढली, शहरं काढली, काश्मीर काढलं, फ्रान्सची खेडी काढली. ठिपक्याचा मागमूस नाही. ठिपक्यानं चित्रकार घडवला म्हणावं, तर तो पन्नास वर्षं कुठे दडी मारून बसला होता, याचा हिशोब द्यावा लागेल. तो द्यायचा तर मधल्या मास्तरांकडे जाणं भाग आहे. त्यांच्याकडे कुणी जात नाही, कारण त्यांची गोष्ट एका वाक्यात बसत नाही.

ककैयानंतर रझा दमोहच्या सरकारी हायस्कूलमध्ये गेले. तिथल्या दिवसांतली दरयाव सिंह राजपूत, गौरीशंकर लहरिया ही नावं त्यांच्या आठवणींत येतात. म्हातारपणीसुद्धा हा माणूस पॅरिसमध्ये बसून दमोहच्या मास्तरांची नावं घेत असे, याची नोंद करून पुढे जातो. दमोहहून ते नागपूरला गेले. आपल्या पिढीला आठवण करून द्यावी लागते, की तेव्हा जबलपूर, दमोह, मंडला, नागपूर हा सगळा एकच प्रांत होता, मध्य प्रांत आणि वऱ्हाड, आणि नागपूर ही राजधानी. हिंदी मुलखातला मुलगा शिकायला मराठी शहरात गेला यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं. आपले आजोबा-पणजोबा नेमके उलट्या दिशेनं, नोकरीच्या पाठीमागे इकडे आले. मधला रस्ता दोन्हीकडून वाहता होता.

नागपूरला बापूराव आठवले यांची चित्रशाळा होती. 1939 ते 1943 अशी चार वर्षं रझा तिथे होते. या चार वर्षांबद्दल मराठीत फार थोडं लिहिलं गेलं, ही आपली उणीव आहे. बापूरावांकडे ठिपक्यासारखी सुटसुटीत गोष्ट नाही. तिथे होतं ते चित्रशाळेतलं रोजचं काम, म्हणजे समोरची वस्तू कागदावर उतरवणं, छाया-प्रकाश, शरीराची ठेवण, जलरंगाचा वॉश कधी ओला ठेवायचा आणि कधी वाळू द्यायचा. ज्यानं जलरंग हाताळला आहे त्याला ठाऊक असतं की हे कुणी सांगून येत नाही. शेजारी कुणीतरी उभं असावं लागतं. कागद वाळायच्या आधी, अगदी त्या क्षणी, ‘आता हात लावू नकोस’ असं म्हणणारं कुणीतरी. रझांची चाळिशीच्या दशकातली मुंबईची जलरंगचित्रं पाहा. पावसात भिजलेले रस्ते, घरांच्या रांगा, रंगाचा ओघ कसा सोडलाय आणि कसा अडवलाय. तो हात ककैयाच्या पडवीत तयार झाला नव्हता. तो नागपुरात तयार झाला.

मग मुंबई. जे. जे.साठी शिष्यवृत्ती घेऊन हा तरुण 1943मध्ये पोचला तो उशिरा. प्रवेश बंद झाले होते. परत गावी जायचं की राहायचं? ते राहिले. एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओ नावाच्या ठिकाणी डिझाइनचं काम धरलं, दिवसा पोटापाण्याचं आणि उरलेल्या वेळात चित्राचं. पुढे जे. जे.चं शिक्षणही झालं. आणि या शहरानं त्यांना वेगळ्याच जातीचे शिक्षक दिले. नाझींच्या धास्तीनं मध्य युरोपातून पळून आलेली काही मंडळी तेव्हा मुंबईत होती. वॉल्टर लांगहॅमर ‘टाइम्स ऑफ इंडिया’त कलासंचालक होते, रूडी फॉन लायडेन कलेवर लिहीत, श्लेसिंगर चित्रं विकत घेत. मंडल्याच्या मुलाला युरोपातल्या चित्रकलेची चव यांच्या घरच्या बैठकांत लागली. 1947मध्ये सूझा, आरा, हुसेन, बाकरे आणि आपल्या विदर्भातले हरी अंबादास गाडे यांच्याबरोबर रझांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. सहा तरुण एकमेकांना शिकवत होते आणि बहुधा एकमेकांना शिव्याही देत होते. चित्रकारांच्या शिक्षणात या दुसऱ्या गोष्टीचा वाटा मोठा असतो.

आता काश्मीर. 1948 साल. श्रीनगरला रझांची गाठ पडली आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराशी. त्यांनी रझांची चित्रं पाहिली आणि स्पष्ट सांगितलं की तुझ्यात गुण आहे, पण तुझ्या चित्रात बांधणी नाही. इमारतीला पाया लागतो, भिंती लागतात, तुळया लागतात. चित्रालाही लागतात. सेझान बघ. इतकं ऐकून रझा मुंबईत परतले आणि फ्रेंच भाषा शिकायला लागले. मला हा प्रसंग ठिपक्याच्या प्रसंगापेक्षा जास्त आवडतो, कारण इथे शिष्य मोठा झालेला आहे. सव्वीस वर्षांचा, बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळवलेला, नाव झालेला चित्रकार. अशा माणसाला कुणी तोंडावर म्हणालं की तुझ्या चित्राला हाडं नाहीत, तर शंभरातले नव्याण्णव दुखावतात. आपल्याकडे तर दुसऱ्या दिवसापासून बोलणं बंद होतं. रझांनी ते वाक्य पदरात घेतलं. चांगला शिक्षक मिळणं हे अर्धं नशीब. शिकवून घेणं ही अंगची गोष्ट. त्याबद्दल आपण कमी बोलतो, कारण शिष्याच्या लायकीवर व्याख्यानमाला निघत नाहीत.

1950मध्ये फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती घेऊन रझा पॅरिसला गेले ते साठ वर्षं तिकडेच राहिले. तत्पूर्वी फाळणी झाली होती, आईवडील दोघंही गेले होते, भावंडं पाकिस्तानात गेली होती. रझा गेले नाहीत. लहानपणी मंडल्यात गांधीजींना पाहिलं होतं, तो देश सोडवला नाही, असं ते सांगत. फ्रान्समध्ये संसार मांडला, जानीन मोंजिला या चित्रकर्तीशी 1959मध्ये लग्न केलं, पण पासपोर्ट भारताचाच ठेवला. 1956मध्ये समीक्षकांचा ‘प्री द ला क्रितिक’ हा मोठा पुरस्कार त्यांना मिळाला. तो मिळवणारे ते पहिले परदेशी. चित्रं विकली जात होती. 1962मध्ये अमेरिकेत बर्कलीला शिकवायला गेले, तिथे मार्क रॉथकोची चित्रं पाहिली, पुढे तेलरंग सोडून अॅक्रिलिककडे वळले.

आणि मग, सगळं सुरळीत चाललेलं असताना, सत्तरीच्या दशकात हा माणूस अस्वस्थ झाला. हे जे मी करतो आहे ते उत्तम फ्रेंच चित्र आहे, यात माझं काय? ते वरचेवर भारतात यायला लागले. अजिंठा, वेरूळ, बनारस, गुजरात, राजस्थान. जुन्या पोथ्यांतली चित्रं, तांत्रिक यंत्रं. या हिंडण्यातून, बरंच काही उलगडून आणि टाकून दिल्यानंतर, ठिपका वर आला. आता त्याला नाव होतं, बिंदू. आता त्यामागे अर्थ होता, बीज, शून्य, पंचमहाभूतं. अर्थ म्हणाल तर ते पुस्तकांत होतेच, कुणालाही मिळतील. पण त्या सगळ्या अर्थांना टेकायला एक भिंत लागते, आणि ती या माणसाकडे ककैयाच्या शाळेत उभी होती.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे. गुरुजींनी रझांना बिंदू दिला नाही. त्यांनी बसणं दिलं. एका जागी डोळे टेकवून धरता येतात, भीती वाटत असली तरी धरता येतात, एवढा एक अनुभव दिला. बिंदू रझांनी स्वतः मिळवला, आणि मिळाल्यावर मागे वळून त्याच्या मालकीची पावती गुरुजींच्या नावानं फाडली. हा ऋण फेडण्याचा प्रकार आहे, आणि थोडा रचण्याचाही. चित्रकाराच्या हातात आठवण पडली की तो तिलाही चौकट घालतो. मी याला खोटं म्हणणार नाही. माझ्या लेखी उलट त्यात मोठेपणा आहे. नाव घ्यायला पॅरिस होतं, सेझान होता, रॉथको होता. बाजारात ही नावं खपतात. रझांनी नाव घेतलं ते कुणाला माहीत नसलेल्या नंदलाल झारियांचं.

आता बिंदूचं एक चित्र जवळून पाहू. मधोमध काळा गोल. लांबून तो सपाट, छापल्यासारखा वाटतो. जवळ गेलात की तो सपाट नाही हे कळतं. त्याच्या कडेपासून एकात एक कडी सुटलेली असतात, काळ्यातून करडं, करड्यातून निळसर किंवा मातकट, आणि प्रत्येक कडं शेजारच्याला किती भिडवायचं याचा निर्णय हातानं घेतलेला असतो, कंपासनं नव्हे. भोवती चौकोन, चौकोनात आडवे-उभे पट्टे, त्रिकोण, आणि पिवळा, लाल, निळा, पांढरा. बांधणी पक्की. पाया, भिंती, तुळया, सगळं जागच्या जागी. काश्मीरमधला तो फ्रेंच माणूस इथे खूश झाला असता. आणि रंगाच्या कडा जिथे एकमेकींत विरतात तिथे नागपूरचा हात आहे. म्हणजे एका गोलात सगळे मास्तर एकत्र बसलेले आहेत. फक्त आपण दाद एकालाच देतो.

एक अप्रिय गोष्टही बोलून टाकतो. ‘मां’ हे 1981चं चित्र किंवा ‘सौराष्ट्र’ हे 1983चं, यांची ताकद रझांच्या शेवटच्या पंधरा-वीस वर्षांतल्या सगळ्याच बिंदूंत नाही. ‘सौराष्ट्र’मध्ये बिंदू एका कोपऱ्यात आहे, बाकी सगळा कॅनव्हास उन्हानं, मातीनं पेटलेला आहे, आणि म्हणून त्या छोट्या काळ्या ठिपक्याला काही काम आहे. 2010मध्ये ते चित्र लिलावात सोळा कोटींच्या वर गेलं. त्याची बातमी झाली, किमतीमुळे. पण नंतर बिंदू हा जणू रझांचा शिक्का झाला. मागणी होती, तो उमटत गेला. कुणी विचारलं तर ते जपाचं उदाहरण देत, तेच नाम पुन्हा पुन्हा घेतल्यानं काही साधतं म्हणत. जपात तसं होत असेल. चित्रात दर वेळी होतंच असं नाही. गुरूचं देणं शेवटी कुंपणही होऊ शकतं, आणि ज्याला हे देणं फार मोठं वाटतं त्याला ते कुंपण दिसतही नाही. गुरुभक्तीच्या आपल्या गोष्टींत ही शक्यता कुणी मांडत नाही, म्हणून मुद्दाम मांडली.

आपल्या गावातलं एक उदाहरण याच्या शेजारी ठेवतो. गोलबाजारातलं शहीद स्मारक सगळ्यांना माहीत आहे. तिथली भित्तिचित्रं करण्यात पुढाकार होता ब्योहार राममनोहर सिन्हा यांचा. 1929चा जन्म, जबलपूरचेच, आणि शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांचे विद्यार्थी. भारताच्या संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत नंदलालबाबू आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सजवली. त्यातलं उद्देशिकेचं पान राममनोहरांच्या हातचं आहे. नक्षीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘राम’ अशी सही आहे. आपण शाळाशाळांत ज्या पानाचं सामूहिक वाचन करतो, त्याच्या कडेला आपल्या गावच्या विशीतल्या पोराचं नाव आहे.

दोघांच्याही गुरूंचं नाव नंदलाल, हा योगायोग. पण फरक किती! एका नंदलालांकडे आश्रम होता, परंपरा होती, देशभर पसरलेला शिष्यवर्ग होता. त्यांनी हातात कुंचला दिला आणि राष्ट्राचं पान दिलं. असे गुरू दिसतात, मोजता येतात. इंदूरचे दत्तात्रय देवळालीकर घ्या. बेंद्रे, हुसेन, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर अशी शिष्यांची यादी वाचली की त्या मास्तरांचं माप समजतं, स्वतःच्या चित्रांबद्दल त्यांनी काहीही न बोलता. दुसऱ्या नंदलालांकडे पडवी होती आणि भिंत. त्यांचं माप काढायला एकच साक्षीदार आहे, आणि तोही पन्नास वर्षांनी बोलला.

अशा साक्षीदाराची वाट किती शिक्षकांनी बघायची? बहुतेकांच्या वाट्याला तो येत नाही. सरांच्या वाट्याला आपण आलो, फलकापुरते का होईना. सरांच्या हाताखालून गेलेल्या मुलांत कुणी रझा झाला नाही. कुणी साइनबोर्ड रंगवायला लागला, कुणी व्हेइकल फॅक्टरीत ड्राफ्ट्समन झाला, बरेच जण बँकेत गेले. पण एखादा कागद समोर ठेवून रेघ सरळ येईपर्यंत उठायचं नाही, ही खोड त्यांच्यात मी आजही बघतो. ती चित्रकलेची खोड नाही, आणि सरांनी दुसरं काही शिकवलं असं मला वाटत नाही.

2010च्या अखेरीस रझा कायमचे दिल्लीला परत आले. जानीन 2002मध्येच गेल्या होत्या. नव्वदी गाठली तरी ते रोज चित्राला बसत. 2001मध्ये त्यांनी रझा न्यास काढला, स्वतःच्या चित्रांची कमाई त्यात घातली, आणि त्यातून तरुण चित्रकारांना, कवींना, गाणाऱ्यांना मदत मिळत राहिली. शाळा मात्र काढली नाही, शिष्य केले नाहीत. 23 जुलै 2016 रोजी ते गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन करण्यात आलं.

त्यांच्या नावानं आता मंडल्यात कार्यक्रम होतात, छत्र्या आणि कुंड्या रंगवायला मुलं, बाया, दुकानदार सगळे येतात. चांगलं आहे. माझी तक्रार एकच. रझांच्या नावाची चित्रकला स्पर्धा असली की मुलांचे आईबाप घरूनच कंपास आणि काळा रंग देऊन पाठवतात, आणि परीक्षकांपुढे गोलांचा ढीग पडतो. सुरेख, गुळगुळीत, एकाहून एक गोल. मागे मला एका ठिकाणी परीक्षक म्हणून बोलावलं होतं. त्या ढिगात एका मुलीनं बाजार काढला होता. भाज्यांचे वाटे, मापाची पायली, खाली बसलेली बाई, आणि तिच्या पाठीमागे गर्द काळं जंगल. प्रमाण चुकलेलं, रंग पसरलेला. मी तिला पहिला नंबर दिला. आयोजकांनी विचारलं, विषय ‘रझा’ होता ना? मी म्हटलं, म्हणूनच.